मधुमेह आहे, एलडीएल १४० आहे. स्टॅटिन घ्यायची का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. वय ५२, सात वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.४, रक्तदाबाची एक गोळी. एकूण कोलेस्टेरॉल २२४, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल ४२, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी २१०, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १४०. छातीत कधी दुखलं नाही, जिना चढताना दम लागत नाही. डॉक्टरांनी रोझुव्हास्टॅटिन १० ही कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन गटातली गोळी लिहून दिली, ती तुम्ही आणली आणि दीड महिना कपाटात ठेवली. कारण मैत्रीण म्हणाली या गोळीने साखर वाढते, दिरांचे पाय म्हणे हिच्यामुळेच दुखायला लागले, आणि एकदा सुरू केली की जन्मभर सुटत नाही. "कोलेस्टेरॉल जरासंच तर जास्त आहे, तीन महिने नुसतं पथ्य करून पाहू का?" असं तुम्ही विचारलंय.

माझं मत आधीच सांगते: गोळी सुरू करा, आणि पथ्यही करा. मी सांगलीत सव्वीस वर्षं मधुमेहाचे रुग्ण पाहते आहे. तुम्हाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण नुसतं "घ्या" म्हटल्याने ती स्ट्रिप कपाटातून बाहेर येणार नाही हेही मला माहीत आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी "जरासंच जास्त" या शब्दांबद्दल. तुमच्या रिपोर्टवर एलडीएलसमोर १३० ते १५९ "सीमारेषेवर" असं काहीतरी छापलेलं असणार. तो तक्ता लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक माणसासाठी एकच असतो. कागदाला ठाऊक नसतं की समोरच्या बाईला सात वर्षांपासून साखर आहे आणि रक्तदाबही आहे. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ मध्ये कोलेस्टेरॉलबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांना जास्त धोक्याच्या गटात धरलंय आणि त्यांचं एलडीएल ७० च्या खाली असावं असं म्हटलंय. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांसाठी ही रेघ ५५ वर आहे. म्हणजे तुमचं १४० हे जरासं जास्त नाही, असायला हवं त्याच्या बरोबर दुप्पट आहे.

हे एवढं कडक का, तर मधुमेहात एलडीएलचे कण बहुतेकदा बारीक आणि दाट होतात, संख्येने वाढतात आणि रक्तवाहिनीच्या अस्तरात शिरून बसतात. रिपोर्टमधला आकडा मध्यम दिसतो, पण आत काम जोरात चालू असतं. तुमच्या रिपोर्टमध्ये त्याची खूण आहे: ट्रायग्लिसराइड वर, एचडीएल खाली. अशा वेळी मी एक साधी वजाबाकी करते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं. तुमचं येतं १८२. याला नॉन-एचडीएल म्हणतात. तुमच्यासाठी ते १०० च्या आत हवं.

आणि "छातीत कधी दुखलं नाही" या वाक्यावर मला थोडं थांबायचंय. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक भाजीचे व्यापारी यायचे, वय ५६, दहा वर्षांचा मधुमेह. एका सकाळी ते आले आणि म्हणाले, मॅडम, दोन आठवड्यांपासून मार्केट यार्डात पोती मोजताना दम लागतो, पित्ताची चांगलीशी गोळी द्या. मी ईसीजी काढला. पट्टी हातात येताच दिसलं की झटका येऊन गेलेला आहे, आणि तो ताजा नाही. पुढे इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाची खालची भिंत नीट हलत नव्हती. खोदून विचारल्यावर त्यांना एक रात्र आठवली: खूप घाम आला होता, सोडा पिऊन झोपलो. छातीत दुखलंच नव्हतं. मधुमेहात नसा बोथट झाल्या की हृदयाचं दुखणंही पोहोचत नाही. त्यांची फाइल उघडली तर तीन वर्षांपूर्वी मीच लिहिलेली स्टॅटिनची चिठ्ठी होती. गोळी त्यांनी महिनाभर घेतली होती, आणि त्यानंतरच्या प्रत्येक भेटीत मी साखर विचारत राहिले, या गोळीचं विचारलंच नाही. गोळीने तो झटका टळलाच असता असं मी म्हणणार नाही, तसं कोणालाच म्हणता येत नाही. पण तेव्हापासून त्रास नाही म्हणून धोका नाही हा हिशोब मी मधुमेहात मानत नाही.

आता गोळीचा फायदा किती, ते मोकळेपणाने. तुमच्यासारख्यांवर, म्हणजे टाइप २ मधुमेह आहे पण हृदयविकार झालेला नाही अशा लोकांवर, ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये कार्ड्स नावाची चाचणी झाली. २८३८ लोक, वय ४० ते ७५, मधुमेहासोबत रक्तदाब, डोळ्याच्या पडद्याचा त्रास, लघवीतून प्रथिन जाणं किंवा धूम्रपान यांपैकी किमान एक गोष्ट. निम्म्यांना अटोरव्हास्टॅटिन १०, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. त्यांचं एलडीएल सुरुवातीला सरासरी ११७ होतं, तुमच्यापेक्षा बरंच कमी. निकाल इतका स्पष्ट यायला लागला की चाचणी ठरल्यापेक्षा दोन वर्षं आधी थांबवली आणि २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे चार वर्षांत झटका, पक्षाघात वगैरे मोठी घटना औषध नसलेल्या गटात शंभरातल्या ९ जणांना झाली, औषधाच्या गटात ६ जणांना. पक्षाघात जवळपास निम्म्यावर आले.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. शंभरातल्या ९१ जणांना त्या चार वर्षांत गोळी न घेताही काही झालं नसतं. सहा जणांना गोळी घेऊनही झालं. मधले तीन वाचले. कोण ते तीन, हे आधी ओळखता येत नाही. तुम्ही त्या लोकांपेक्षा सरासरी दहा वर्षांनी लहान आहात, त्यामुळे पुढच्या चार वर्षांतला तुमचा फायदा याहून कमी असेल. पण तुमच्यापुढे चार वर्षं नाहीत, तीस वर्षं आहेत, आणि कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीत साठतं ते वर्षांच्या हिशोबाने. पुढे २००८ मध्ये चौदा चाचण्यांमधल्या १८,६८६ मधुमेहींची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा एलडीएल सुमारे ३९ ने उतरलं की अशा घटना पाचव्या हिश्श्याने कमी होतात असं दिसलं. पुरुषांत तसं बायकांतही. पाळी थांबण्याच्या वयात बायकांचं एलडीएल आणखी चढतं, हेही ध्यानात असू द्या. "बायकांना हार्टचं नसतं" हे घराघरातलं वाक्य मधुमेह झालेल्या बाईला लागू पडत नाही.

गोळी करते काय? यकृत स्वतःच कोलेस्टेरॉल बनवतं. स्टॅटिन तिथलं एक एन्झाइम अडवते. घरचं उत्पादन घटलं की यकृत रक्तातलं एलडीएल जास्त उचलू लागतं. एवढंच. आणि "केमिकल" म्हणून घाबरणाऱ्यांना मी सांगत असते की पहिलं स्टॅटिन सापडलं ते बुरशीत. जपानमधल्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरश्या तपासल्या आणि १९७३ मध्ये भातावरच्या निळसर-हिरव्या बुरशीच्या जातीत ते त्यांना मिळालं.

मैत्रिणीने सांगितलेलं खोटं नाही. स्टॅटिनने साखर किंचित वाढते. २०१० मध्ये तेरा चाचण्या, ९१,१४० लोक एकत्र पाहिले गेले: २५५ लोकांनी चार वर्षं गोळी घेतली तर एकाला जास्तीचा मधुमेह झाल्याचं निदान होतं, आणि तो बहुतेकदा आधीच उंबरठ्यावर असलेला. तुम्ही तो उंबरठा सात वर्षांपूर्वी ओलांडलाय. तुमच्या बाबतीत प्रश्न एवढाच की एचबीए१सी किती चढेल, आणि ते साधारण ०.१ च्या आसपास असतं, मोठ्या डोसला थोडं जास्त. ७.४ चं ७.५. रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटं चाललात तर एवढं भरून निघतं. या ०.१ साठी झटक्यापासूनचं संरक्षण सोडायचं हा सौदा मला कधीच पटलेला नाही. मधुमेही माणूस शेवटी जातो तो बहुतेकदा हृदयाने, साखरेच्या आकड्याने नाही.

पायदुखीबद्दल जास्त लिहावं लागेल, कारण गोळी सुटते ती बहुधा इथेच. २०२२ मध्ये एकोणीस चाचण्यांमधल्या सुमारे १ लाख २४ हजार लोकांच्या तक्रारी तपासल्या गेल्या. या चाचण्यांत खरी गोळी कोणाची हे रुग्णालाही ठाऊक नसतं आणि डॉक्टरलाही. स्नायू दुखतात असं खरी गोळी घेणाऱ्यांत २७.१ टक्के म्हणाले, खोटी घेणाऱ्यांत २६.६ टक्के. म्हणजे पन्नाशी-साठीत अंग दुखणारी माणसं चारातली एक असतातच, आणि त्यांतलं फार थोडं दुखणं गोळीचं असतं.

याहून बोलका प्रयोग लंडनमधला. स्टॅटिनने त्रास होतो म्हणून जी सोडून बसली होती अशी साठ माणसं घेतली. प्रत्येकाला बारा महिन्यांच्या बारा बाटल्या: चारांत स्टॅटिन, चारांत औषध नसलेली गोळी, चार रिकाम्या. रोज फोनवर त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८, खोट्या गोळीच्या महिन्यांत १५.४, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. दुखणं खरं होतं, त्यांना ते खरोखर जाणवत होतं. पण त्याचा नव्वद टक्के भाग गोळी घेतोय या धास्तीचा होता. निकाल दाखवल्यावर त्यांतल्या निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली.

मी हेच घरगुती रीतीने करते. एका निवृत्त शिक्षिकेला पोटऱ्या दुखतात म्हणून गोळी थांबवायला सांगितली आणि कालनिर्णयवर रोजच्या तारखेखाली पेन्सिलीने खूण करायला सांगितली: दुखलं तर गोल, नाही तर काही नाही. महिनाभर गोळी बंद, मग महिनाभर चालू, पुन्हा बंद. तिसऱ्या महिन्यात त्या तिन्ही पानं घेऊन आल्या. गोल जवळपास सारखेच होते, आणि सगळ्यांत दाट होते ते पुतण्याच्या लग्नाच्या आठवड्यात. गोळी पुन्हा चालू झाली, मी सांगायच्या आधी त्यांनीच ठरवलं.

अर्थात काहींना खरोखर त्रास होतो, आणि त्यांना "मनाचे खेळ" म्हणून वाटेला लावणं चूक आहे. खरं स्टॅटिनचं दुखणं बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखं असतं, मांड्या, पोटऱ्या, खांदे; गुडघ्याच्या किंवा टाचेच्या एकाच जागी नसतं. सुरू केल्यावर काही आठवड्यांत येतं, थांबवल्यावर जातं. तेव्हा सीके नावाची स्नायूंच्या इजेची रक्ततपासणी करतात, डोस कमी करतात, दुसरं स्टॅटिन देतात, रोझुव्हास्टॅटिन दिवसाआड देऊन पाहतात. तरी नाहीच जमलं तर कोलेस्टेरॉल उतरवणारी पण स्टॅटिन नसलेली औषधं आहेत: एझेटिमाइब आहे, बेम्पेडोइक ॲसिड आहे. पण दुखणं तीव्र असेल, हातपाय गळून गेल्यासारखे वाटत असतील आणि लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली तर वाट पाहू नका. गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू विरघळण्याचा हा प्रकार लाखात काही मोजक्या लोकांना होतो, पण माहीत असलेला बरा.

तुमचे गुडघे आधीपासून दुखतात असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. ते आजच वहीत लिहून ठेवा, कुठे, किती, कधी. नाहीतर दोन महिन्यांनी त्याच गुडघ्यांचा आळ गोळीवर येईल.

यकृताचं म्हणाल तर एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी एकदा सुरुवातीला बघतात. स्टॅटिनने ते तिपटीवर जाणं शंभरात एखाद्याला होतं आणि यकृताला गंभीर इजा फारच क्वचित. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलंय म्हणून गोळी टाळायची, हा उलटा न्याय आहे. फॅटी लिव्हरवाल्यांनाच हृदयाचा धोका जास्त असतो.

"जन्मभर घ्यावी लागेल का?" हो, बहुधा. पण त्याला सवय लागणं म्हणत नाहीत. चष्मा काढला की अंधुक दिसतं, तशी गोळी थांबवली की काही आठवड्यांत एलडीएल मूळ जागी येतं. त्याहून वर उसळत नाही, अंगाला मागणीही होत नाही. पोटात मूल राहायची शक्यता असलेल्या तरुण मधुमेही मुलींना मात्र ही गोळी विचार करूनच द्यावी लागते आणि गर्भधारणेआधी थांबवावी लागते. डायलिसिसवर गेलेल्यांत नव्याने सुरू करून फायदा दिसलेला नाही. ८० च्या पुढच्या, आधीच थकलेल्या आजी-आजोबांत पहिल्यांदा सुरू करताना मीही हात आखडता घेते. तुमचं यांपैकी काही नाही.

आता पथ्य. तीन महिने नुसतं पथ्य करून १४० चं ७० होत नाही. चांगलं पाळलंत तर १२०-१२५ पर्यंत येईल. तेवढंही मोलाचं आहे, कारण गोळी कमी लागते. खारी, टोस्ट, नानकटाई, बाहेरचं तळलेलं फरसाण बंद करा. डालड्यातली आणि पामतेलातली चरबी एलडीएल वाढवते. वरणभातावरचं चमचाभर तूप मी कोणाचं बंद करत नाही, पण पोळी, भात, भाजी आणि शिरा सगळीकडे ते नको. तुमचे ट्रायग्लिसराइड मात्र तुपाने वाढलेले नाहीत. ते साखर आणि पिष्टाने वाढतात. तुम्ही सोमवार आणि चतुर्थी करता असं लिहिलंय; उपासाला काय असतं? साबुदाण्याची खिचडी, बटाटा, वर केळं. मधुमेहात तो दिवस इतर दिवसांपेक्षा जड पडतो. वरी किंवा राजगिरा मोजून, सोबत दही आणि काकडी, असं करून पहा. लसूण, हळद, दालचिनी स्वयंपाकात भरपूर वापरा, पण गोळीऐवजी नको. २०२२ मध्ये अमेरिकेत रोझुव्हास्टॅटिन ५ ची तुलना याच तीन गोष्टींच्या कॅप्सूल आणि माशाचं तेल वगैरेंशी केली होती. चार आठवड्यांत स्टॅटिनने एलडीएल ३८ टक्क्यांनी उतरलं. बाकीच्यांचा खोट्या गोळीपेक्षा वेगळा असा फायदा दिसला नाही.

सुरू करण्याआधी दोन तपासण्या मागून घ्या. पहिली टीएसएच. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल त्यानेच चढतं, अंगही त्यानेच दुखतं, आणि त्यावर स्टॅटिन दिली तर स्नायूंचा त्रास जास्त होतो. तुमच्या वयाच्या बायकांत हे इतकं आढळतं की टीएसएच न बघता मी चिठ्ठी लिहीत नाही. दुसरी, सकाळच्या लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण. सात वर्षांत ती एकदाही झालेली दिसत नाही. त्यात अल्ब्युमिन वाढलेलं निघालं तर मूत्रपिंडाचा प्रश्न आहेच, शिवाय हृदयाचा धोकाही एक पायरी वर जातो, आणि मग गोळीबद्दलची शंका उरत नाही.

हिशोब असा बसेल. रोझुव्हास्टॅटिन १० ने एलडीएल साधारण ४५ टक्क्यांनी उतरतं, म्हणजे १४० चं ७५-८०. पथ्य जोडीला असेल तर कदाचित ७० गाठाल. नाहीच गाठलं तर डोस दुप्पट करून फार हाती लागत नाही, दुप्पट केल्यावर जेमतेम ६ टक्के आणखी. त्यापेक्षा एझेटिमाइब १० जोडली तर आणखी सुमारे २० टक्के उतरतं. आपल्या आशियाई लोकांच्या रक्तात रोझुव्हास्टॅटिनची पातळी गोऱ्या लोकांच्या जवळपास दुप्पट भरते, त्यामुळे ५ ने सुरुवात केली तरी गैर नाही. मनात धास्ती असेल तर डॉक्टरांना तसं सांगा आणि ५ ने सुरू करा. कपाटातल्या १० पेक्षा पोटातली ५ चांगली.

आणि ती स्ट्रिप एकदा उलटी करून वाचा. आपल्याकडे स्टॅटिनसोबत ॲस्पिरिन घातलेल्या कॅप्सूल सर्रास मिळतात, फेनोफायब्रेट हे ट्रायग्लिसराइडचं औषध घातलेल्या गोळ्याही. झटका येऊन गेलेल्याला ॲस्पिरिन हवीच. पण हृदयविकार नसलेल्या १५,४८० मधुमेहींवर ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीत ॲस्पिरिनने झटका, पक्षाघात वगैरे मोठ्या घटना १२ टक्क्यांनी घटल्या आणि मोठा रक्तस्राव २९ टक्क्यांनी वाढला. तुमच्या चिठ्ठीत ती नाही, दुकानदाराने बदलून दिलेल्या कॅप्सूलमध्येही नसावी. फेनोफायब्रेट २१० च्या ट्रायग्लिसराइडला लागत नाही. ५०० च्या वर गेले की स्वादुपिंडासाठी विचार करतात. मध्येच कोणी क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक किंवा बुरशीच्या संसर्गावरची गोळी दिली तर "मी स्टॅटिन घेते" एवढं तोंडाने सांगा, काही स्टॅटिनशी त्यांचं जमत नाही.

गोळी रात्रीच घ्यायची असं तुम्हाला कोणीतरी सांगितलंय. ते सिम्व्हास्टॅटिनसारख्या जुन्या गोळ्यांचं. रोझुव्हास्टॅटिन कधीही चालते. तुम्ही सकाळच्या नाश्त्याबरोबर मेटफॉर्मिन घेता, तिच्याच डब्यात हीही ठेवा. एखाद्या दिवशी विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. आठ ते दहा आठवड्यांनी लिपिड, एचबीए१सी आणि एसजीपीटी एकाच दिवशी करा, आणि आत्ताचा रिपोर्ट सोबत घेऊन जा, म्हणजे साखर खरंच किती चढली आणि एलडीएल किती उतरलं हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी तुमच्याच कागदावर दिसतील.